व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेलं की निळा पडदा येतो: कारणं आणि उपाय

व्हर्च्युअल मशीन म्हणजे पीसीवरच्या एका प्रोग्रॅमच्या आत चालणारा दुसरा, आभासी पीसी; त्याची डिस्क म्हणजे बाहेरच्या पीसीवरची फाइल. व्हीएमवेअर, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही हे ते चालवणारे प्रोग्रॅम. लक्षण असं. जुन्या पीसीवर व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं विंडोज ७ चं मशीन नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडलं. विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. पुन्हा लोगो, पुन्हा निळा पडदा. डिस्कची फाइल परत कॉपी केली, दुसऱ्या टूलने कन्व्हर्ट केली, तरी तेच.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉप-फाउंड्र्यांकडून ही तक्रार सारखी येते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुने पीसी बदलायची घाई सुरू झाली, तशी ती वाढली. पीसी नवा येतो, पण आतलं जुनं सॉफ्टवेअर काही बदलत नाही. कुणाचं बिलिंग, कुणाचं सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर, लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या छापखान्याचं डोंगलवर (पीसीला लावायची लायसन्सची किल्ली) चालणारं मराठी डीटीपी. ते बनवून देणारा कधीच धंदा बंद करून गेलेला असतो आणि सेटअपची सीडी कुणालाच सापडत नाही. म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या फोल्डरशिवाय मालकाच्या हातात दुसरं काही नसतं. म्हणून हे काम "बघू चालतंय का" असं करायचं नाही.

मूळ मुद्दा आधी सांगतो, कारण बरेच जण इथेच वाट चुकतात. दोष बहुतेक वेळा डिस्कच्या फाइल फॉरमॅटमध्ये नसतो. व्हीएमडीके, व्हीडीआय, व्हीएचडीएक्स (अनुक्रमे व्हीएमवेअर, व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्हीच्या डिस्क फाइल्स) ही नुसती वेष्टनं आहेत, आतला डेटा तोच. पण आतलं विंडोज ज्या मशीनवर इन्स्टॉल झालं, त्या मशीनची ओळख धरून बसलेलं असतं: डिस्क कुठल्या कंट्रोलरला (डिस्क पीसीला जोडणारा भाग) जोडली होती, बूट बायोसने होत होतं की यूईएफआयने (पीसी सुरू करायची जुनी आणि नवी पद्धत), नेटवर्क कार्ड कोणतं होतं. नवा प्रोग्रॅम या तिन्ही गोष्टी आपल्या मर्जीने ठरवतो. म्हणून नव्या ठिकाणी आधी जुन्यासारखंच मशीन उभं करायचं, ते चालू झालं की मग एकेक गोष्ट बदलायची.

जुन्या ठिकाणीच करायची कामं

जुना पीसी अजून चालत असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

मशीन पूर्ण शटडाउन करा. सस्पेंड केलेलं मशीन नेऊ नका. सस्पेंडची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही. आत विंडोज १० किंवा ११ असेल तर फास्ट स्टार्टअपमुळे साधं शटडाउनही अर्धवट हायबरनेट असतं. ते आधी बंद करा.

मग स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ०००००१, ०००००२ असे आकडे असलेल्या व्हीएमडीके दिसल्या तर स्नॅपशॉट आहेत. मूळ डिस्कमध्ये स्नॅपशॉट घेतला त्या दिवसापर्यंतचाच डेटा असतो, त्यानंतरचा सगळा या आकडेवाल्या फाइल्समध्ये. नुसती मूळ डिस्क नेली तर मशीन व्यवस्थित सुरू होतं आणि बिलं मात्र दोन वर्षांपूर्वीची दिसतात. निळ्या पडद्यापेक्षा हे वाईट, कारण लक्षात यायला वेळ लागतो आणि तोवर नवी बिलं त्याच जुन्या डेटात पडायला लागतात. म्हणून स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये जाऊन सगळे स्नॅपशॉट डिलीट करा. डिलीट या शब्दाला घाबरू नका; त्याने डेटा जात नाही, मूळ डिस्कमध्ये विलीन होतो. डिस्क मोठी असेल तर तास-दोन तास लागू शकतात. यूपीएस असल्याशिवाय हे काम सुरू करू नका, मध्येच लाइट गेली तर डिस्कची साखळी तुटते.

व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत बसवलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर) इथेच अनइन्स्टॉल करा. नव्या ठिकाणी गेल्यावर ते काढायला गेलात तर "हे फक्त व्हीएमवेअरच्या मशीनमध्येच चालतं" असं म्हणून बऱ्याचदा नकार देतात. जुना पीसी आधीच बंद पडला असेल आणि हातात फक्त फोल्डर असेल तर टूल्स राहू द्या. सहसा त्यांच्यामुळे बूट अडत नाही.

आत विंडोज ११ असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद करून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि अकाउंटचा खरा पासवर्ड माहीत आहे ना ते तपासा. व्हर्च्युअल टीपीएममधल्या (सुरक्षेच्या चाव्या ठेवणारी चिप) चाव्या बरोबर येत नाहीत, त्यामुळे नव्या ठिकाणी पिन चालणार नाही. व्हीएमवेअरमध्ये टीपीएम लावलेलं मशीन एन्क्रिप्ट केलेलं असतं. आधी टीपीएम काढा, मग एन्क्रिप्शन, त्यानंतरच कॉपी.

शेवटी अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. त्यातल्या एकट्या व्हीएमडीकेने भागत नाही. व्हीएमवेअरमध्ये डिस्क अनेक तुकड्यांत विभागलेली असू शकते: एस००१, एस००२ असे तुकडे आणि त्यांची यादी ठेवणारी काही केबीची एक छोटी फाइल. कुणी ती छोटी फाइलच आणतो, कुणी नुसते तुकडे आणतो. दोन्ही लागतात, आणि नव्या प्रोग्रॅमला दाखवायची ती छोटी फाइल. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. कॉपी झाली की दोन्हीकडे विंडोजच्या सर्टयूटिलने हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून जुळवा. सदोष केबलमुळे बिघडलेली कॉपी आणि चुकीचा कंट्रोलर यांची लक्षणं कधी कधी सारखीच दिसतात. हॅश जुळला की एक शंका कायमची मिटते.

व्हीएमएक्स फाइल वाचा

त्याच फोल्डरमध्ये व्हीएमएक्स नावाची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते, साधा मजकूर आहे. जुन्या मशीनची सगळी ओळख तिच्यात असते, म्हणून कन्व्हर्ट करण्याच्या आधी मी हीच उघडतो.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या मशीनमध्ये असं होतं: स्कझी शून्यच्या व्हर्च्युअल-डेव्ह या ओळीपुढे "एलएसआयएसएएस१०६८". फर्मवेअरची ओळच नव्हती. इथरनेट शून्यपुढे "ई१०००", आणि खाली ००-०सी-२९ ने सुरू होणारा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक). सगळी गोष्ट या तीन-चार ओळींत आली. डिस्क एलएसआय एसएएस कंट्रोलरवर आहे. फर्मवेअरची ओळ नाही म्हणजे बायोस. यूईएफआय असतं तर तिथे "ईएफआय" लिहिलेलं असतं. नेटवर्क कार्ड इंटेलचं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ निवडून नवीन मशीन बनवलं की तो डिस्क साटाच्या एएचसीआय कंट्रोलरला जोडतो. फाउंड्रीच्या विंडोजने एएचसीआय कधी पाहिलेलंच नव्हतं. विंडोज ७ इन्स्टॉल होताना ज्या कंट्रोलरची गरज नाही त्याचे ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड करायचे नाहीत असं ठरवून टाकतं. लोगो येतो, कारण तोपर्यंत डिस्क बायोसच्या मदतीने वाचली जाते. पुढे विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधायला जातं, तिथे ड्रायव्हर नाही, डिस्क दिसत नाही, निळा पडदा.

निळा पडदा, शेवटी ७बी

पडदा चमकून जात असेल तर सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि "डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टिम फेल्युअर" निवडा. पडदा थांबेल. "स्टॉप" या शब्दापुढच्या आकड्याच्या शेवटी ७बी असेल तर वर सांगितलेलंच कारण आहे.

उपाय: व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन बंद ठेवून सेटिंग्ज, मग स्टोरेज. साटा कंट्रोलरवरून डिस्क काढा. फाइल डिलीट करायची नाही, फक्त जोडणी काढायची. नवा कंट्रोलर ॲड करा, एलएसआयलॉजिक एसएएस. त्याला तीच डिस्क जोडा आणि सुरू करा. फाउंड्रीचं मशीन एवढ्यावर सुरू झालं. ना रिपेअर, ना कन्व्हर्जन. व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमडीके तशीच उघडतो, व्हीएचडीही उघडतो; रूपांतर हवंच असेल तर ते सगळं चालू झाल्यावर निवांत करा. फक्त मूळ फाइलवर काम करू नका, कॉपीवर करा.

एलएसआयवर ठेवलं तरी चालतं, पण पुढे कधी परत हलवायचं झालं तर साटा सोयीचा. त्यासाठी चालत्या मशीनला साटा कंट्रोलरवर एक १ जीबीची रिकामी डिस्क जोडा. विंडोज सुरू झालं की नवीन हार्डवेअर सापडलं म्हणून एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतःच बसवेल. रीस्टार्ट मागितला तर द्या, मग शटडाउन करा, मुख्य डिस्क साटावर हलवा आणि ती रिकामी डिस्क काढून टाका. हीच युक्ती हलवण्याच्या आधी जुन्या ठिकाणीही करता येते, आणि ते अधिक बरं.

विंडोज १० साठी याहून सोपी वाट आहे. जुन्या ठिकाणी एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर सेफ बूट टिक करून शटडाउन करा. नव्या ठिकाणी मशीन सेफ मोडमध्ये उठतं आणि त्या वेळी नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर उचलतं. मग टिक काढून रीस्टार्ट.

एक्सपीच्या मशीनला आयडीई कंट्रोलर द्या, प्रकार पीआयआयएक्स४. साटा देऊ नका, एक्सपीत त्याचा ड्रायव्हरच नाही. व्हीएमवेअरमधून आलेलं एक्सपी निळा पडदा न दाखवता काळ्या पडद्यावरच थिजलं तर व्हर्च्युअलबॉक्सच्या सिस्टिम टॅबवर आय/ओ एपिक टिक करून बघा. हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं आणि त्याला तीनच दिवसांची मुदत देतं, तेव्हा की हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

"नो बूटेबल मीडियम फाउंड"

निळा पडदाही नाही आणि लोगोही नाही, काळ्या पडद्यावर हीच ओळ, तर दोन शक्यता. एक, बायोस आणि यूईएफआयची अदलाबदल. व्हीएमएक्समध्ये ईएफआय असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या सिस्टिम टॅबवर ईएफआय चालू करा; ओळ नसेल तर बंद. दुसरी, छोट्या फाइलऐवजी एखादा तुकडाच जोडला गेला आहे.

"या यूयूआयडीची डिस्क आधीच आहे" असा निरोप आला तर त्याच डिस्कची दुसरी कॉपी व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत पडून आहे. मीडिया मॅनेजरमधून जुनी नोंद काढा. तिथेही फाइल ठेवायची, नोंद काढायची.

हायपर-व्ही निवडण्याआधी

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो असेल तर हायपर-व्ही फुकट मिळतो, म्हणून पुष्कळ जण तिकडे वळतात. होम आवृत्तीत तो नाही. माझं स्पष्ट मत: कारखान्याचं जुनं मशीन डोंगलवर किंवा सीरियल पोर्टवर चालत असेल तर हायपर-व्हीकडे जाऊच नका. पेनड्राइव्हसारखं दिसणारं यूएसबी डोंगल तो आतल्या मशीनला थेट देत नाही. सीरियल पोर्टही पीसीच्या खऱ्या पोर्टला जोडता येत नाही, फक्त नेम्ड पाइप (प्रोग्रॅमला प्रोग्रॅम जोडणारी आभासी वाट) मिळतो. सीएनसीला आरएस-२३२ केबलने प्रोग्रॅम पाठवणाऱ्याचं तिथे कामच थांबतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर दोघेही या दोन्ही गोष्टी देतात. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्याच्या वापरालाही मोफत आहे. तेव्हा जुनं मशीन व्हीएमवेअरचंच असेल तर मुळात प्रोग्रॅम बदलायची गरज आहे का, हेही एकदा बघा. तसं करायचं ठरलं तर फोल्डर नव्या पीसीवर ठेवून उघडा आणि "कॉपी केलं की हलवलं" असं विचारल्यावर "हलवलं" म्हणा. म्हणजे मॅक ॲड्रेस आणि मशीनची ओळख तीच राहते.

हायपर-व्हीच हवा असेल तर जनरेशन नीट निवडा. जनरेशन १ म्हणजे बायोस, बूट फक्त आयडीईवरून. जनरेशन २ म्हणजे यूईएफआय, बूट स्कझीवरून. विंडोज ७ साठी जनरेशन १ घ्या, आणि आयडीईचा ड्रायव्हर आधी जागा करा. वरची रिकाम्या डिस्कची युक्ती त्यासाठी जुन्या ठिकाणीच, आयडीईवर करायची. निवडलेली जनरेशन नंतर बदलता येत नाही, मशीन नव्याने बनवावं लागतं.

डिस्क व्हीएचडीएक्समध्ये न्यायला क्यूईएमयू-आयएमजी किंवा स्टारविंडचा कन्व्हर्टर वापरा. क्यूईएमयू-आयएमजीने बनवलेली फाइल हायपर-व्हीला जोडताना "फाइल कॉम्प्रेस्ड, एन्क्रिप्टेड किंवा स्पार्स असू नये" अशी चूक येते, आणि लोक परत कन्व्हर्ट करत बसतात. कन्व्हर्जन चांगलंच झालेलं असतं. फाइलवर स्पार्सची खूण राहिलेली असते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयूटिलच्या स्पार्स, सेटफ्लॅग आज्ञेने ती शून्य करा. फोल्डरला कॉम्प्रेशन लावलेलं असेल तर तेही काढा.

उलट बाजूची एक अडचण: लॅपटॉपवर हायपर-व्ही किंवा कोअर आयसोलेशनचं मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधलं मशीन फार हळू चालतं आणि खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतं. मशीन नीट हलवलं तरी "आधी वेगात होतं" ही तक्रार येते, तेव्हा आधी ते कासव बघा.

सुरू झालं, पण नेटवर्क नाही

कारखान्यात एकाच व्हर्च्युअल मशीनकडून तीन-चार पीसी बिलांचा डेटा घेत असतात. मशीन उठतं, त्यात इंटरनेटही चालतं, पण ऑफिसमधल्या दुसऱ्या पीसींना ते दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला एनएटी देतो, त्यात बाहेरून आत येता येत नाही. ब्रिज्ड करा (मग मशीन थेट लॅनवर येतं) आणि खाली लॅनचं खरं कार्ड निवडा. हायपर-व्हीमध्ये डिफॉल्ट स्विचच्या जागी एक्स्टर्नल स्विच बनवा.

मग जुना आयपी भरायला जाता आणि विंडोज म्हणतं की हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे, आणि यादीत तो अडॅप्टर तर दिसत नाही. ते जुन्या मशीनचं कार्ड, लपून बसलेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा; विंडोज ७ मध्ये त्याआधी डेव्हएमजीआर-शो-नॉनप्रेझेंट-डिव्हायसेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करावं लागतं. फिकट रंगातलं जुनं कार्ड अनइन्स्टॉल केलं की आयपी मोकळा होतो.

काही सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक ॲड्रेसला बांधलेलं असतं. व्हर्च्युअलबॉक्स नवा मॅक ०८-००-२७ ने सुरू करून देतो. नेटवर्कच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन व्हीएमएक्समधला जुना मॅक भरा. व्हीएमएक्स आधी वाचून ठेवायचं हेही एक कारण. मात्र जुनं आणि नवं मशीन एकाच वेळी लॅनवर चालू ठेवू नका.

आतलं मशीन लिनक्स असेल तर कार्डाचं नाव बदलतं: व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३, हायपर-व्हीत ईटीएच०. उबंटूत नेटप्लॅनच्या फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर आयपी मिळणार नाही; नाव बदला, अप्लाय करा. रेड हॅट घराण्यातलं लिनक्स बूट अर्धवट सोडून ड्रॅकटच्या शेलवर पडलं तर तो त्यांच्याकडचा ७बी समजा: जुन्या कंट्रोलरवर परत जोडून बूट करा आणि ड्रॅकटचं होस्ट-ओन्ली बंद ठेवून इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळचे ड्रायव्हर असलेली फाइल) नव्याने बनवा.

डोंगल, सीरियल आणि घड्याळ

डोंगल व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी फिल्टर टाकून कायमचं द्या, म्हणजे मशीन सुरू होताच ते आत जातं. एक्सपीला यूएसबी ३ चा कंट्रोलर देऊ नका, १.१ किंवा २ द्या. नव्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतोच; यूएसबीवरचा सीरियल कन्व्हर्टर बाहेरच्या विंडोजमध्ये इन्स्टॉल करून त्याचा कॉम नंबर बघा आणि मशीनच्या सीरियल पोर्टमध्ये होस्ट डिव्हाइस म्हणून तो नंबर द्या. आत कॉम१ दिसेल, जुन्या सॉफ्टवेअरला काही बदल कळणार नाही. सीएनसीला आधी एखादा छोटा प्रोग्रॅम पाठवून मशीनच्या स्क्रीनवर ओळी ताडून बघा, मगच जॉब लावा.

घड्याळाकडे कुणी बघत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या सिस्टिम टॅबवर "हार्डवेअर क्लॉक इन यूटीसी टाइम" टिक असेल तर विंडोज साडेपाच तास मागे जातं. दिवसा कुणाच्या लक्षात येत नाही. रात्रपाळीचा डिस्पॅच मात्र बाराच्या पुढे निघतो आणि चलनावर आदल्या दिवसाची तारीख पडते. विंडोजसाठी ती टिक काढा.

हे सगळं जमलं की मालकासमोर एक जुनं बिल उघडा, एक नवं बिल काढा, प्रिंट घ्या, दुसऱ्या पीसीवरून डेटा उघडा, सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप घेऊन बघा. जुन्या फोल्डरची कॉपी पुढच्या महिन्याचं जीएसटी रिटर्न या नव्या मशीनवरून भरून होईपर्यंत पुसू नका. आणि नदीकाठच्या बाजूला ऑफिस असेल तर ती हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर किंवा घरी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचा पीसी आणि त्याच्याच शेजारी ठेवलेला बॅकअप दोन्ही एकदम गेलेले धंदे या शहरात आहेत.